यासीनभाईंचा खडा कुठे गेला

बातमी आली तेव्हा मी स्टोअरमध्ये ड्रिलच्या बिट लावून ठेवत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. आमच्या कंपनीचा ट्रेलर चालवणारे गफूरभाई दारात उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, यासीन गेला. खमीस मुशैतकडच्या कॅम्पवर होता, काल दुपारी छातीत दुखतंय म्हणाला आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत खलास. मी हातातली बिट खाली ठेवली. माणूस गेल्याचं कळलं की पहिल्यांदा मनात काय यावं हे आपल्या हातात नसतं. पण खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता तो खडा कुठे ठेवलाय हे विचारायचं कोणाला… लिहायची लाज वाटते. पण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय त्याला मी नऊ वर्षं चोर म्हणत होतो, आणि हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर पुढचं सगळं लबाडीचं होईल. तोंडावर कधी म्हणालो नाही. पाठीमागे म्हणालो, जेवताना, चार माणसांत, आणि माणसं ऐकतात म्हटल्यावर जरा जास्तच म्हणालो.

मी मूळचा इचलकरंजीचा. जेद्दाहून थुवालकडे जाताना समुद्राच्या बाजूला आमच्या कंपनीची पत्र्याची मोठी शेड लागते, तिथला मी स्टोअरकीपर. संशय हे आमच्या धंद्यातलं हत्यारच आहे. फाटका हातमोजा दाखवल्याशिवाय मी नवा देत नाही. टेप हरवली म्हणणाऱ्याच्या खिशाकडे आधी बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी चपलांकडे तोंड करून उभे राहाल. तिचं खोटं नाही. तर अशा माणसाच्या शेजारच्या खोलीत यासीनभाई काम करायचे, आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण हा गृहस्थ दगड चाटायचा.

त्यांचं काम दगडांचंच होतं. ड्रिलचं मशीन जमिनीत खोल जातं आणि खालच्या खडकाच्या लांब कांड्या वर आणतं, त्याला कोअर म्हणतात. त्या कांड्या ट्रेमध्ये ओळीनं लावायच्या, कोणती किती खोलीवरची ते लिहायचं, तुटल्या-फुटल्या तर जुळवून ठेवायच्या, म्हणजे जिऑलॉजिस्टला जमीन वरपासून खालपर्यंत वाचता येते. यासीनभाई फार शिकलेले नव्हते, पण जिऑलॉजिस्ट त्यांना विचारून लिहायचे असं मी डोळ्यांनी बघितलंय. कांडी हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, नखानं ओरखडायची, आणि काही कळेना झालं की सरळ जिभेला लावायची. मी एकदा विचारलं की हे काय चाललंय. त्यांनी सांगितलं, ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, वडील मिठागराची राखण करायचे, आणि लहानपणी त्यांना डोळे बांधून कुठल्या वाफ्यातलं मीठ आहे ते चवीवरून ओळखायला लावायचे. माझ्याशी ते जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. कारण आल्या आल्याच मी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली होती आणि मेसभर हशा पिकवला होता. त्याबद्दलही कधी अवाक्षर बोलले नाहीत. न बोलणाऱ्या माणसाचा मला आणखीच संशय येतो.

त्या वर्षी आमचं काम होतं ते किनाऱ्याखाली मिठाचा थर कुठवर पसरलाय हे शोधायचं. मला आधी पटेचना, जमिनीखाली एवढ्या खोल मीठ कुठून येणार? यासीनभाईंनी चहाच्या वेळी समजावून सांगितलं होतं. आज जो तांबडा समुद्र दिसतो तो कोणे एके काळी अडला होता, तोंड बंद झालं, नवं पाणी यायचं थांबलं आणि उन्हानं आत होतं ते आटत गेलं. आटताना पाण्यात मावेनासं झालेलं मीठ खाली बसलं, त्यावर माती आली, त्यावर पोवळ्याचा दगड, आणि ते गाडलं गेलं. आमच्या पेणकडच्या मिठागरात एका उन्हाळ्यात होतं तेच, म्हणाले, फक्त इथे कोणाला घाई नव्हती. घाईनं आटवलं तर बारीक, पांढरं, धुरकट मीठ मिळतं. सावकाश, न हलवता आटू दिलं तर कण कणाशी नीट लागत जातो, ओळीनं, चारी बाजूंनी सारखा, आणि मग मोठा चौकोनी खडा तयार होतो, आरपार दिसणारा. मिठाचा खडा कधीही बघा, चौकोनीच. फोडलात तरी तुकडे चौकोनीच. मी म्हणालो, बरं. मनात म्हणालो, हा माणूस इतकं सांगतोय म्हणजे याला काहीतरी लपवायचंय.

आणि मग एके दिवशी तसा खडा खरंच वर आला. खोलवरची कांडी फुटली होती, त्यातून मुठीएवढा तुकडा निघाला. काच हो, अक्षरशः काच. यासीनभाईंनी कोरड्या फडक्यानं पुसून वर धरला तर त्यांचं मागचं बोट दिसत होतं, नखासकट. शेडमधली झाडून सगळी माणसं येऊन बघून गेली. मॅनेजरनं फोटो काढला. थुवालच्या विद्यापीठातल्या एका प्रोफेसर बाईंना तो फोटो गेला, आणि निरोप आला की त्या रविवारी येणार, खडा बघायला आणि यासीनभाईंनाही भेटायला. त्यांच्या प्रयोगशाळेत दगडांचे नमुने सांभाळायला माणूस हवा होता. ही नोकरी साधी नव्हती, तिच्याबरोबर फॅमिली क्वार्टर होतं. यासीनभाई एकोणीस वर्षं कॅम्पमध्ये एकटे राहत होते, वर्षातून एकदा घरी जायचे. बायको आणि मुलगा गावी. क्वार्टर मिळालं तर दोघांनाही इकडे आणता येणार होतं. त्या आठवड्यात माणूस कोअर लावता लावता गुणगुणायचा. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

गुरुवारी मॅनेजर म्हणाला, रविवारी पाहुणे येणार, शेड आरशासारखी दिसली पाहिजे. यासीनभाई दुपारीच काम आटपून गेले होते, शुक्रवारी त्यांना जेद्दाला जायचं होतं. मी कंबर कसली. ट्रे सरळ केले, झाडलोट केली, हत्यारं पुसून भिंतीला लावली. आमच्याकडे एक रीत आहे, ड्रिलचा चिखल लागलेले दगड असले की गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत घालायचे, चिखल आपोआप सुटतो आणि ब्रश मारला की दगड लख्ख. मिठाच्या कांड्यांना अर्थातच पाणी लावायचं नसतं, त्या वेगळ्या, प्लॅस्टिकखाली. पण टेबलावर वरच्या थरांतल्या पोवळ्याच्या दगडांचे चिखलाने माखलेले गोळे पडले होते, ते मी उचलले आणि बादलीत टाकले. दिवे बंद केले, कुलूप लावलं आणि दोन दिवस सुट्टीसाठी घरी गेलो. त्याच महिन्यात मी बायकोला आणि मुलीला जेद्दाला आणलं होतं. मुलगी इंडियन स्कूलमध्ये जायला लागली होती. घरात पडदेसुद्धा लागलेले नव्हते.

रविवारी सकाळी मी कुलूप उघडलं, पाठोपाठ यासीनभाई आले. टेबलापाशी गेले. टेबलाकडे बघितलं, मग खाली बादलीकडे बघितलं, आणि तिथेच उकिडवे बसले. बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. मी दारातून सगळं बघत होतो आणि मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं, चिखलाचं पाणी चाखतोय. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

“तुमच्या मुलीची शाळा सुरू झाली का हो?”

म्हटलं, झाली की, मागच्याच आठवड्यात, का? ते म्हणाले, काही नाही, सहज. मग बादली उचलून शेडच्या मागे गेले, पाणी ओतलं, आतले दगड ब्रशनं घासून टेबलावर मांडले. बादली ओतणं हे त्यांचं काम नव्हतं. मी ते लक्षात ठेवलं.

तासाभरानं मॅनेजर आला आणि खडा कुठाय म्हणाला. खडा नव्हता. कपाटं उघडली, ट्रे हलवले, प्लॅस्टिक उचललं, कचऱ्याचे ड्रमसुद्धा उपडे केले. नाही म्हणजे नाही. मॅनेजरचा आवाज चढत गेला, पाहुणे रस्त्यात होते. ज्याच्या हातून गेला त्याला मी या शेडमध्ये ठेवणार नाही, म्हणाला. यासीनभाई पुढे झाले आणि एवढंच म्हणाले, “माझ्या ताब्यात होता. माझ्याकडून गेला.” कुठे गेला, कसा गेला, काही नाही. आता तुम्हीच सांगा, स्टोअरकीपरनं यातून काय समजायचं? मॅनेजरनं मला त्यांची कॅम्पमधली राहती खोली तपासायला लावली. मी डोळ्यांत तेल घालून तपासली. खिडकीत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, आत दोरे सोडलेले. आणि पिशवीत एक नवा कोरा शर्ट, घडीसुद्धा न मोडलेला. शुक्रवारी जेद्दाला गेला होता, नवा शर्ट घेऊन आला, रविवारी खडा नाही. माझा हिशेब तिथेच पुरा झाला. प्रोफेसर बाई आल्या, चहा प्यायल्या, दुसरे नमुने बघितले आणि गेल्या. यासीनभाईंचं नाव कोणी काढलंच नाही. आठवड्याभरात त्यांना खमीस मुशैतच्या डोंगराळ भागातल्या कॅम्पवर पाठवलं, ड्रिलसाठी चिखल कालवायच्या कामावर.

आणि मी काय केलं? मेसमध्ये गफूरभाईंना सांगितलं. गफूरभाई यासीनभाईंच्या शेजारच्या गावचे, पाचेक किलोमीटरवरचे. जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमधल्या रंगीत दगडांच्या दुकानात विकला असणार, म्हणालो. शर्टाचंही सांगितलं, तिखटमीठ लावून सांगितलं. गफूरभाई सुट्टीवर गेले तेव्हा ती गोष्ट त्यांच्याबरोबर गावाला गेली. इथून माणसं अत्तर नेतात, खजूर नेतात, माझ्यामुळे हे गेलं.

पुढच्या वर्षांत आमची भेट दोन-तीनदाच झाली, वार्षिक मेडिकलला ते जेद्दाला यायचे तेव्हा. दर वेळी मुलगी कितवीत आहे म्हणून विचारायचे. मी तुटक उत्तर द्यायचो. पूर्वी यासीनभाई म्हणायचो, आता नुसतं यासीन म्हणायचो, पाच-सहा वर्षांनी मोठा माणूस. एकदा त्यांनी माझ्या मुलीसाठी डबीत घालून एक खडा पाठवला, स्वतः वाढवलेला तुरटीचा, आठ पैलूंचा, टोकं अशी की मुद्दाम तासल्यासारखी. मुलगी वेडी झाली. तिनं वर्गात नेला आणि टीचरना सांगून आली, “माय अंकल ग्रोज देम.” मी म्हणालो, तो तुझा अंकल नाही, आणि खडा कपाटात टाकून दिला. हा माणूस आपल्याला कशासाठी खूश करतोय, कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझ्या मनात पक्कं होतं.

तर असा मी, त्यांच्या मृत्यूनंतर आठवड्यानं, कंपनीनं त्यांचं सामान ताब्यात घ्यायला पाठवलेला माणूस. दफन तिकडेच झालं होतं, गावाहून कोणी येऊ शकलं नाही. कोणा दुसऱ्याला पाठवा म्हणता आलं असतं, पण मी म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला ती खोली बघायची होती. नऊ वर्षं राहून गेलेली तपासणी पुरी करायची होती.

खमीसची हवा आमच्यासारखी नाही, थंड, कोरडी, दुपारीही अंगात स्वेटर लागतो. कॅम्पवर नूरा नावाची तरुण सौदी जिऑलॉजिस्ट भेटली, खोलीची किल्ली तिच्याकडे होती. अठ्ठावीस-तीसची पोरगी, पण दार उघडताना तिचे डोळे भरून आले आणि मला कळेना की चिखल कालवणाऱ्यासाठी ही का रडते. आत गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आत दोऱ्याला लटकलेले खडे. एकीत मोरचुदाचे निळे, तिरके. एकीत तुरटीचे. नूरानं सांगितलं, नवीन आलेल्या प्रत्येक जिऑलॉजिस्टला यासीनभाई आधी या खोलीत आणायचे. पुस्तकात वाचलं ते विसरा म्हणायचे, हे बघा. इथल्या डोंगरातली पांढरी गारगोटी कशी झाली, तर खडकाला भेग पडली, खालून तापलेलं पाणी त्यात शिरलं, पाण्यात काय काय विरघळलेलं होतं, आणि निवत जाताना पाण्यानं ते एकेक करून भेगेच्या भिंतीला लावलं. जिथे जागा उरली तिथे खड्यांना टोकं आली, जिथे दाटी झाली तिथे नुसता पांढरा दगड. पाण्यानं आधी काहीतरी घेतलेलं असतं म्हणून ते पुढे काही देऊ शकतं, असं त्यांना म्हणायची सवय होती. ती बोलत होती आणि माझे डोळे पलंगाखालच्या ट्रंकेकडे होते.

ट्रंक उघडली. कपडे, औषधं, नमाजाची जानमाज, मुलाचा शाळेतला फोटो. तळाला ठोकून बघितलं, दुहेरी आहे का. होय, मी तेही केलं. आणि मग एका लोकरीच्या मोज्यात काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं तर वाळलेल्या चिखलाचा गोळा, लिंबापेक्षा मोठा. चिखलाच्या आत काय आहे ते मला तेव्हाच कळलं, असं मला वाटलं. सापडला बेटा. न्हाणीत बादली होती, मी नळ सोडला, बादली भरली, चिखल सुटला की नऊ वर्षांचा निकाल लागणार होता. गोळा पाण्यावर धरला, आणि नूरानं मागून माझं मनगट पकडलं. परक्या बाईनं हात धरावा असा हा मुलूख नाही, इतकी ती घाबरली होती.

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या मोडक्या इंग्रजीत दोनदा विचारून घेतलं. आत मीठ आहे. त्यांनी स्वतः वाढवलेला खडा, सात वर्षांचा, बायकोला दाखवायला न्यायचा होता. पावसाळी हवेत मीठ घामेजतं आणि कडा जातात, म्हणून वरून खाऱ्या पाण्यात कालवलेल्या चिखलाचा कोट दिलाय. पाण्यात टाकलात तर थोड्या वेळानं तुमच्या हातात काही उरणार नाही. मी विचारलं, हा कोट ते नेहमी द्यायचे का. ती म्हणाली, मिठाच्या प्रत्येक चांगल्या खड्याला. समुद्राकाठच्या शेडमध्ये होते तेव्हापासूनची रीत आहे असं सांगायचे. तिथली हवा फार ओली, म्हणायचे.

मी बादलीपाशीच खाली बसलो. गुरुवारी दुपारी ते लवकर गेले होते. पाहुणे रविवारी यायचे होते, दोन दिवस दमट हवा, म्हणजे जाण्याआधी त्यांनी खड्याला कोट देऊन टेबलावर ठेवला असणार, वाळायला. आणि मी टेबलावरचे गोळे उचलले. किती होते? हातमोजे मोजणारा, टेप मोजणारा, खिळेसुद्धा मोजणारा मी, चिखलाचे गोळे मोजत नव्हतो. त्यांनी बोट बुडवून चाखलं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. पाणी खारट लागलं असणार. त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं, खडा कुठे गेला आणि कोणाच्या हातून.

तरी माझा स्वभाव बघा. मला वाटलं, कशावरून? कळलं असतं तर बोलले नसते का? स्वतःवर एवढं कोण ओढवून घेतं? सामानाची यादी कळवायची होतीच, म्हणून मी त्यांच्या गावी फोन लावला. त्यांच्या बायकोशी, भाभींशी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. यादी वाचून झाल्यावर मी अडखळत खड्याचं काढलं. त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, “मला तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. स्टोअरवाल्याच्या हातून झालं, पण त्यानं बायको-पोर आत्ताच आणलीत, म्हणाले. एकाचं तरी घर वसू दे.”

त्या म्हणाल्या, मी त्यांच्याशी तेव्हा खूप भांडले, माझं घर वसायचं होतं ते नाही का दिसलं म्हणून. ते म्हणाले, पुन्हा येईल संधी. आली नाही. नऊ वर्षं आणखी ते तिकडे आणि मी इकडे. आणि गावात माझा मुलगा फिटरचं शिकून बसलाय, त्याच्यासाठी कोणी तिकडे शब्द टाकत नाही, बाप काय घेऊन पळाला होता ते सगळ्यांना माहीत आहे म्हणतात. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. माझ्या कानात सांगून काय उपयोग, म्हणाल्या. जिथे बोललात तिथे बोला.

मी शेडवर परत आलो आणि पहिल्या शुक्रवारी मेसमध्ये जेवणं झाल्यावर उभा राहिलो. गफूरभाई होते, जुनी सात-आठ माणसं होती. सगळं सांगितलं, चिखलाचा कोट, बादली, पाणी. वाटलं होतं, कोणीतरी शिव्या देईल, त्याची तयारी होती. पण कोणी दिल्या नाहीत. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. गफूरभाई दाढी खाजवत म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, बरोबर आहे तुमचं, पण एवढा दगड पाण्यात गेला म्हणता? बारीक मीठ जातं, हा जमिनीखालचा दगड. दुसरा एक जण म्हणाला, आणि तुम्हाला नऊ वर्षांनी आठवलं? शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, का तुम्ही दोघं मिळून होता? आणि माना माझ्याकडे वळल्या. नऊ वर्षं मी ज्या नजरेनं जग बघितलं ती नजर कशी असते हे मला त्या दिवशी समोरून बघायला मिळालं. फार वाईट असते.

तोंडानं सांगून काही होणार नव्हतं, डोळ्यांसमोर करून दाखवायला हवं होतं. आणि करून दाखवायला माझ्याकडे एकच वस्तू होती. मी भाभींना पुन्हा फोन केला. म्हणालो, सात वर्षांचा खडा आहे, त्यांनी तुमच्यासाठी केलेला, विचारायलाही जीभ रेटत नाही… त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “बुडवा,” म्हणाल्या. “मला दगड बघून काय करायचंय.”

पुढच्या शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपल्यावर मी स्वयंपाकघरातलं काचेचं मोठं पसरट भांडं मेसच्या टेबलावर ठेवलं, बाटलीतलं गोडं पाणी ओतलं. गोळा सगळ्यांच्या हातांतून फिरवला. प्रत्येकानं दाबून बघितला, गफूरभाईंनी टेबलावर आपटून बघितला. मग मी नखानं एका बाजूचा चिखल खरवडला आणि आतली काच उजेडात धरली. माणसं टेबलावर वाकली. मी तो चाळणीत ठेवून पाण्यात सोडला. चिखल सुटून खाली बसला, आणि मधे तो खडा उघडा पडला, कडा धारदार, आरपार. त्याच्याभोवती पाणी हलताना दिसत होतं, तव्यावरून वाफ हलावी तसं. आधी कडा गेल्या. मग तो गोलसर झाला. गफूरभाई खुर्ची ओढून समोरच बसले, चमच्यानं हळूहळू ढवळत. चहा झाला, परत चहा झाला. कोणी उठून गेलं नाही. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा चाळणीत शेंगदाण्याएवढं काहीतरी उरलं होतं, आणि गफूरभाई नमाज पढून आले तेव्हा तेही नव्हतं.

गफूरभाईंनी बाह्या सारून भांड्यात हात घातला आणि तळचा गाळ चाचपला. पुन्हा चाचपला. मग ओल्या हातानंच खिशातून फोन काढून दारापाशी गेले. “भाभी, गफूर बोलतोय,” एवढं मला ऐकू आलं. पुढे ते बराच वेळ नुसते हां, हां म्हणत राहिले, आणि मग आपल्याच बाहीनं तोंड पुसलं. त्यानंतर त्यांनी आणखी फोन केले, गावात, एकामागून एक, मेसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलाची कागदपत्रं त्यांनी मागवून घेतली आहेत.

ते भांडं ओतायला त्या दिवशी कोणी पुढे आलं नाही. गफूरभाईंनीच गाळ बसू दिला, वरचं पाणी अलगद दुसऱ्या काचेच्या भांड्यात काढलं आणि फडकं बांधून खिडकीत ठेवलं. आता तीन आठवडे झाले. पाणी उतरत चाललंय आणि तळाला खडे धरू लागलेत, साबुदाण्याएवढे, पण चौकोनी, सगळे चौकोनी. काल जेवायला जाताना मी जरा वाकून बघत होतो, नुसतं बघत होतो, तर मागून गफूरभाईंचा आवाज आला.

“स्टोअरवाले, तुम्ही हात लावू नका.”

मी हात मागे घेतला.